उमुचेरेचे सगळेच मुखिया

नायजेरियाच्या आग्नेयेला, इग्बो लोकांच्या मुलखात, उमुचेरे नावाचे एक गाव आहे. तेलताडांच्या दाटीतून तांबड्या मातीचा रस्ता गावात शिरतो आणि बाजाराच्या माळावर, सावरीच्या एका अवाढव्य झाडापाशी संपतो. तिथे भेटेल त्या माणसाला विचारावे, "इथला मुखिया कोण?" तो म्हणेल, "मीच." चवळीची भजी तळणाऱ्या बाईला विचारावे. ती झारा न थांबवता म्हणेल, "मी. भजी किती देऊ?" सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावणारा मान वर न करता तेच सांगेल, आणि शाळेतून घरी निघालेली पोरगी दप्तर सावरत तेच सांगेल. पाहुण्यांना आधी वाटते, आपली थट्टा चालली आहे. मग वाटते, गावालाच वेड लागले आहे.

पाहुण्यांचे हसून झाले की न्जोकू नावाचे एक म्हातारे गृहस्थ त्यांना सावरीखाली बसवतात. कोलाचे बी फोडून प्रत्येकाच्या हातावर एकेक कडू फोड ठेवतात, आणि ती चावून होईपर्यंत थांबतात. मग ते जे सांगतात ते असे.

फार पूर्वी, गोरा साहेब या भागात यायच्या आधी, उमुचेरेला राजाही नव्हता आणि मुखियाही नव्हता. कुणाला त्याची उणीवही भासत नसे. चोराला काय शिक्षा करायची, ओढ्यात मासेमारी कधी सुरू करायची, शेजारच्या गावाशी भांडायचे की सोयरीक करायची, हे सारे याच झाडाखाली ठरे. ज्याला तोंड होते तो बोले. बोलून बोलून घसे बसत, ताडीचे तुंबे रिकामे होत, आणि शेवटी कंटाळून का होईना, सगळ्यांचे एकमत होई. 

बायकांची बैठक वेगळी असे, आणि त्यांच्या हाती एक हत्यार होते. एखादा पुरुष फार माजला, बायकोला बडवू लागला, बाजारात दांडगाई करू लागला, की गावातल्या बायका आपापली मुसळे घेऊन त्याच्या दारात जाऊन बसत. त्याच्यावर गाणी रचत, त्याच्या सात पिढ्यांची लाज काढत, अंगणात मुसळे आपटत. तो बाहेर येऊन चूक कबूल करीपर्यंत एकही बाई उठत नसे, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याला 'दारात बसणे' म्हणत. त्याचे नियम दोनच. बसायचे ते आपल्या माणसाच्या दारात, कारण परक्याला आपली कसली लाज? आणि पुढारी कोण असे कुणी विचारले तर साऱ्यांनी मिळून 'मी' म्हणायचे.

त्या काळी गावाच्या कडेला, ओढ्याच्या वाटेवर, अकुडो नावाची एक विधवा राहत असे. ती मडकी घडवी. ओढ्याकाठची चिकणमाती आणून ती अशी मळे, की तिच्या मडक्यातले पाणी उन्हाळ्यातही दात शिवशिवतील इतके गार राही म्हणे. तिचे माहेर नदीपलीकडचे. नवराही परगावचा, तेलताडावर चढून ताडी काढणारा. एके दिवशी कमरेचा दोर तुटून तो खाली पडला आणि गेला. तेव्हा अकुडोच्या पाठीशी ना दीर, ना भाऊबंद. होता तो एकच मुलगा, ओगुएरी.

ओगुएरी कामाला बेताचा होता. ताडावर चढला की वरच बसून गाणी म्हणे. पण नक्कल करावी तर त्यानेच. म्हाताऱ्याचे खोकणे, बोकडाचा रुबाब, दोन सवतींचे पाण्यावरून भांडण, काहीही सांगा, तो करून दाखवी आणि बाजार हसून लोटपोट होई. अकुडो त्याला रागवायला म्हणून तोंड उघडी आणि स्वतःच हसू लागे. तिच्या घरात त्या हसण्याखेरीज दुसरी श्रीमंती नव्हती.

मग गोरा साहेब आला. पायात बूट, मागे बंदुका घेतलेले शिपाई, शेजारी एक दुभाष्या. झाडाखाली उभा राहून त्याने विचारले, "तुमचा राजा कोण?"

गावातला सगळ्यांत वडीलधारा माणूस होता इवुआला. त्याने खरे ते सांगितले. "इथं राजा नसतो."

"मग हुकूम कुणाचा चालतो?"

"सगळ्यांचा."

साहेबाला वाटले, हे लोक आपल्याला खेळवत आहेत. तो म्हणाला, पुढच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी राजा समोर उभा करा, नाहीतर घरे जाळीन. आणि निघून गेला.

आता हे समजून घेतले पाहिजे, की गाव का घाबरले. पलीकडच्या गावाने असाच सवाल ऐकून आपला सर्वांत वृद्ध माणूस पुढे केला होता. त्याला दोरी बांधून नेले, आणि परत आले ते फक्त त्याचे बसायचे लाकडी आसन. तेव्हा राजा मागतात तो मारायलाच, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. झाडाखाली बैठक बसली. इतकी वर्षे तासन्‌तास बोलणारे गाव त्या दिवशी फार थोडे बोलले. प्रत्येक जण आपल्या घरचे मुलगे आठवत होता. शेवटी इवुआला म्हणाला, "ज्याच्यासाठी रडणारी तोंडं कमी, तो द्यावा." नाव कुणी घेतले नाही. सगळ्यांच्या माना मात्र ओढ्याच्या वाटेकडे वळल्या.

मंडळी अकुडोच्या घरी आली ती बकरा आणि यामचे मोठाले कंद घेऊन. ती माती मळत होती. तिने बकऱ्याकडे पाहिले, मग इवुआलाकडे.

"माझा नवरा पडला तेव्हा कुणी यामचा एक तुकडासुद्धा आणला नाही," ती म्हणाली. "आज बकरा? कुणाचा जीव मागायला आलात?"

"गावासाठी आहे, बाई," इवुआला म्हणाला. "तुला म्हातारपणी काही कमी पडू देणार नाही."

"तुला तर सहा मुलगे आहेत ना रे?"

उत्तर नसले की माणसे काम लवकर उरकतात. त्यांनी बकरा कुडाला बांधला आणि ओगुएरीला सोबत नेले. त्याला वाटले होते, कुठल्याशा समारंभात नक्कल करायला नेत आहेत.

अकुडो तशीच मातीच्या हातांनी दारोदार गेली. "चला गं," ती प्रत्येक बाईला म्हणत होती, "इवुआलाच्या दारात बसू या. आपला हक्क आहे." कुणी म्हणाली तान्हे मूल आहे, कुणी म्हणाली चुलीवर काही ठेवले आहे. खरे कारण सगळ्यांनाच ठाऊक होते. ओगुएरी सुटला तर दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा जाणार, आणि मुलगे सगळ्यांच्या घरी होते. शेवटी अकुडो एकटीच मुसळ घेऊन इवुआलाच्या अंगणात बसली. एका मुसळाचा आवाज तो कितीसा? आतल्या लोकांनी दार लावून घेतले. शेजारची कुत्री थोडा वेळ भुंकली आणि मग तीही थांबली.

बाजाराच्या दिवशी ओगुएरीला इवुआलाचे उंची वस्त्र नेसवले, डोक्यात गरुडाचे पीस खोवले आणि साहेबापुढे उभे केले. "हाच आमचा राजा." शिपाई त्याला घेऊन गेले. अकुडोने डोके भादरले, चुलीतली राख अंगाला फासली आणि मुलाचे सुतक धरले. गावाने सुटकेचा श्वास सोडला. सुंठीवाचून खोकला गेला असे त्यांना वाटले. बकरा अकुडोने सोडून दिला होता. तो हिंडत हिंडत परत इवुआलाकडेच गेला, आणि त्याने तो ठेवून घेतला, असेही सांगतात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढे घडले. पावसाळा उलटल्यावर ओगुएरी परत आला. डोक्यावर लाल टोपी, हातात पितळी मुठीची काठी, मागे दोन शिपाई. साहेबाने त्याला मारले नव्हते. उमुचेरेचा मुखिया म्हणून सनद दिली होती. यापुढे गावात त्याचा शब्द म्हणजे साहेबाचा शब्द. ज्याला गावाने मरायला पाठवले, तो गावाचा धनी होऊन आला. आणि त्याला तिथे नेऊन उभे करणारे, 'हाच आमचा राजा' असे आपल्या तोंडाने सांगणारे कोण, तर हेच!

तो आधी आईकडे गेला. अकुडोने त्याचा चेहरा, खांदे, हात चाचपून पाहिले. आनंदाने तिला रडूही येईना. त्याच्या अंगाला साबणाचा परका वास येत होता.

"ती टोपी उतरव आणि जेवायला बस," ती म्हणाली.

"न्ने," तो म्हणाला, कारण इग्बो मुले आईला तशीच हाक मारतात, "तिथं मला वाटलं आता मारणार. मग मी राजाची नक्कल केली. साहेब चालतो तसा चाललो, बोलतो तसा बोललो. त्यांना ते आवडलं. आता ही टोपी काढली तर मी कोण? ताडावर चढणारा पोरगा. ज्याला हे लोक पुन्हा देतील."

"माझा मुलगा आहेस तू."

"तेवढ्यानं त्या दिवशी भागलं नाही, न्ने."

खरेच होते ते. पण त्या रात्री मुलगा तिच्या हातचे जेवला तरी एकदाही हसला नाही.

साहेबाला जिल्ह्याच्या गावापासून उमुचेरेपर्यंत रस्ता हवा होता. तुम्ही आलात तोच हा रस्ता. ओगुएरीने माणसे धरली, आणि पहिली धरली ती इवुआलाच्या घरची. इवुआलालाही सोडले नाही. ज्याच्या हातून कोला फुटल्याशिवाय गावात कुठले काम सुरू होत नसे, तो म्हातारा उन्हात बसून दगड फोडू लागला, आणि एके दिवशी फोडता फोडताच कलंडला. याम लावायचे दिवस आले नि गेले. पुरुष रस्त्यावर, शेते तशीच. मग घराघरांतले कणग्यांचे तळ दिसू लागले. जो कुरकुरला त्याला फटके. ओगुएरी काठी टेकत बूट वाजवत येरझाऱ्या घाली, हुबेहूब साहेबासारख्या. पूर्वी हीच चाल पाहून बाजार हसला असता.

मग एका सकाळी गावातल्या बायका अकुडोच्या दारात आल्या. सगळ्यांत पुढे इवुआलाची सून होती, तिचे नाव इहुओमा. ती म्हणाली, "अकुडो, तुझ्या मुलाला आवर. आमची लेकरं उपाशी निजताहेत."

अकुडोने चाकावरून हात काढला नाही. चाक म्हणजे काय, तिचा एक फिरता खापराचा तुकडा. "त्या दिवशी मी तुझ्या दारात मुसळ आपटत होते, इहुओमा. तू आत होतीस. मला तुझ्या बांगड्यांचा आवाज येत होता."

ज्याचे जळते त्याला कळते, आणि आता सगळ्यांचेच जळत होते. अकुडो उठली, हात धुतले, कोपऱ्यातले मुसळ उचलले.

"मी येते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. दारात बसतात ते आपल्या माणसाच्या. तुम्ही त्याला कधी आपला मानला नाहीत, निदान आज त्याच्या दारात बसून तरी माना. मला माझा पोरगा परत आणायचाय."

गावातली एकही बाई घरी राहिली नाही. डोक्याला वेली गुंडाळून, हातात मुसळे नि ताडाची कोवळी पाने घेऊन त्या ओगुएरीच्या नव्या पत्र्याच्या घरासमोर बसल्या. शिपाई बंदुका सावरून उभे राहिले, पण इतक्या बायकांपुढे काय करावे ते त्यांना सुचेना. अकुडोने गाणे उचलले. लहानपणी ओगुएरी कोंबड्याला घाबरून रांजणात कसा लपला आणि रांजण कसा फोडावा लागला, त्याचे गाणे. मग दुसरीने दुसरे, तिसरीने तिसरे. दिवसभर मुसळे आपटत राहिली. बायकांना त्याची इतकी गाणी ठाऊक होती, हे पाहून अकुडोलाच नवल वाटले. म्हणजे तो यांचा होता तर. मग त्या दिवशी तो का दिला, हा विचार तिने गिळून टाकला.

ऊन उतरल्यावर दार उघडले. ओगुएरी उंबऱ्यात आला. इहुओमा नेमकी त्याचीच नक्कल करत होती, तो साहेबाची करतो ती. पाहता पाहता त्याचे ओठ हलले, आणि तो हसला. अगदी पूर्वीसारखा, पोट धरून. हसता हसता रडू लागला. त्याने टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि आईच्या पायांशी बसला. "उद्यापासून रस्त्याचं काम बंद," तो म्हणाला. अकुडोने त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला वाटले, झाले, मिळाला.

पण एक शिपाई दुपारीच निसटला होता. आणि रस्ता आता जवळजवळ पुरा झाला होता. पूर्वी साहेबाला यायला दोन दिवस लागत. त्या दिवशी बायका अजून अंगणातच होत्या, तोवर तो मोठी फौज घेऊन पोचला. उमुचेरेच्या माणसांनी उपाशी पोटी फोडलेल्या दगडांवरून तो आला.

बंदुका रोखल्या गेल्या. दुभाष्याने ओरडून विचारले, "तुमची पुढारी कोण? एकीचं नाव द्या, बाकीच्या घरी जा. नाहीतर गोळ्या घालू."

उत्तर प्रत्येकीला ठाऊक होते. आजी-पणजीपासून ठाऊक होते. पण एकही तोंड उघडले नाही.

साहेब ओगुएरीकडे वळला. "तू मुखिया आहेस. तू दाखव."

त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. इहुओमाच्या पाठीला तान्हे मूल बांधलेले होते. दुसरी पोटुशी होती. ज्या कुणाकडे बोट करावे तिला हे लोक मारणार, असे त्याला वाटले. एकच बाई अशी होती, की जिला हात लावायला ते कचरतील: खुद्द मुखियाची आई. तिला नेतील, कळेल कोण ती, आणि संध्याकाळपर्यंत सोडून देतील. असा त्याने हिशेब केला. त्याने आपल्या आईकडे बोट दाखवले.

गावाला वाटले होते, राजा म्हणून दिला तो मरणार, आणि तो जगला. पोराला वाटले, आई म्हणून दिली ती जगेल. साहेबाच्या मनात काय चालते, हे आमच्यापैकी कुणालाच कधी कळले नाही, असे न्जोकू आजोबा इथे म्हणतात.

अकुडो उठून उभी राहिली. मुलाकडे तिने रागाने पाहिले नाही. त्याचा हिशेब तिला कळला होता. आई होती ती. तिने पाहिले ते बायकांकडे. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. आता एक तरी 'मी' म्हणेल, मग दुसरी म्हणेल, मग सगळ्या, आणि इतक्या जणींना साहेब नेणार तरी कुठे? ती वाट पाहत होती. शिपायाने दंडाला धरले तरी पाहत होती.

"ह्याही वेळी मी एकटीच का गं?" तिने विचारले.

बायकांच्या माना खाली होत्या. तिला रस्त्याने घेऊन गेले.

संध्याकाळी ती आली नाही. ओगुएरी रात्रभर रस्त्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन तुरुंगाच्या दारात गेला आणि म्हणाला, "पुढारी मी होतो. मला घ्या, तिला सोडा." पहारेकरी हसले. त्यांना तो नक्कल करतोय असे वाटले. अकुडोचे पुढे काय झाले, तिला कुठे पुरले, हे गावाला कधीच समजले नाही. ओगुएरी तुरुंगाच्या भिंतीशी बसून राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "मी होतो. मीच होतो." तो तिथेच कधीतरी संपला. टोपी दुसऱ्या कुणाला मिळाली.

बऱ्याच वर्षांनी नवा साहेब आला, आणि झाडाखाली उभा राहून त्याने तोच जुना प्रश्न विचारला. तेव्हा गर्दीतून इहुओमा पुढे आली. म्हातारी झाली होती, दात पडले होते. ती म्हणाली, "मी." तिच्या मागची म्हणाली, "मी." मग पुरुष म्हणाले, पोरे म्हणाली. साहेब चिडला, घोड्यावर बसला आणि निघून गेला. त्याने कुणालाही नेले नाही. तेव्हा गावाला कळले, की हे इतके सोपे होते. इहुओमा मात्र घरी जाऊन छाती पिटून रडली, असे सांगतात.

आजही उमुचेरेत कुणाला मुखिया विचारा, तो 'मीच' म्हणतो. मुलाला बोलता येऊ लागले की पहिल्यांदा हेच शिकवतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, किती शूर लोक म्हणतात. न्जोकू आजोबांना ते ऐकवत नाही. "आता म्हणायला काय जातं?" ते म्हणतात. "आता विचारणाऱ्याच्या हातात बंदूक नसते. अकुडो आमच्याकडे बघत उभी होती, आणि आम्ही गप्प बसलो." त्या वेळी आजोबांचा जन्मही झाला नव्हता. तरी सांगताना ते 'आम्ही' असेच म्हणतात, आणि गावात कुणी त्यांना दुरुस्त करत नाही.